तेच सोंग, नवा खांदा

गेल्या वर्षभरात थिएटरात आणि घरी मिळून मी जे सिनेमे पाहिले, त्यांची यादी परवा सहज वहीत लिहून काढली. त्यातल्या निम्म्याहून अधिक सिनेमांची गोष्ट मला आधीच ठाऊक होती. भाचरांच्या आग्रहाने पाहिलेला 'मुफासा' हा १९९४ च्या 'लायन किंग'च्या २०१९ मधल्या नव्या आवृत्तीचा पूर्वभाग. 'धडक २' हा 'परियेरुम पेरुमाल' या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. सुटीत ओळीने पाहिलेले शिवकालीन मराठी चित्रपट तर जन्मल्यापासून ऐकलेल्या प्रसंगांचे. 'नवीन काही सुचतच नाही का यांना?' हा प्रश्न प्रत्येक मध्यंतरात कुणी ना कुणी विचारत होते. मीही विचारत होतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधावे असे वाटले ते मात्र थिएटरात नव्हे, मोखाड्याला बोहाड्याच्या रात्री.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे पूर्वेकडचे डोंगराळ तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा झाला, त्याआधी ते ठाणे जिल्ह्यात होते. मोखाड्याहून पूर्वेला गेले की नाशिक जिल्हा लागतो आणि पुढे त्र्यंबकेश्वर. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी इथली वस्ती. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत इथल्या गावोगावी बोहाडा होतो. कुणी त्याला भोवाडा म्हणते, कुणी भवाडा. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून, संबळ-पिपाणीच्या तालावर, एकेक सोंग गावाच्या रस्त्यावरून नाचत येते. गणपती येतो, शारदा येते, राम-लक्ष्मण, भीम, त्राटिका, वेताळ येतात, अनेक तोंडांचा रावण डोलत येतो. शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई होते, महिषासुर पडतो आणि बोहाडा संपतो.

माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ घोंगडी पांघरून बसले होते. 'आजोबा, दरवर्षी हेच असतं का?' असे मी विचारले. माझ्या अज्ञानाची कीव यावी तसे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, 'हेच नसंल तर मग माणसं येतील कशाला?'

हे उत्तर मी वहीत लिहून घेतले. माझ्या सिनेमाच्या यादीलाही ते लागू पडते का, हे पाहण्यासाठी मी जुन्या चित्रपटांच्या इतिहासाकडे वळलो.

*

आरंभ फाळक्यांपासूनच करावा लागतो, आणि ते या भागाचे शेजारी आहेत. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकचा. त्यांनी बोहाडा पाहिला होता असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. पण मुखवट्यामागचा मुका देह, हावभाव, सोबतीला वाजणारे वाद्य आणि आधीपासून ठाऊक असलेली पुराणकथा, एवढी सामग्री बोहाड्याची आहे आणि मूकपटाचीही नेमकी एवढीच होती. पडद्यावर हरिश्चंद्र आला की हा कोण हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. तो पुढे काय करणार हेही माहीत होते. कसा करतो, एवढेच पाहायचे होते.

गिरगावात १९१० च्या सुमारास फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना कृष्ण दिसू लागला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ती मला आता थोडी वेगळी वाटते. ख्रिस्तचरित्र हा तेव्हाच्या युरोपातल्या कंपन्यांचा पुन्हापुन्हा चित्रित केलेला विषय होता. म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटाची प्रेरणाच एका अनेकदा सांगितलेल्या गोष्टीतून आली.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. हरिश्चंद्र झाले द. दा. दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र, आणि स्त्री मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पुढे १९१७ मध्ये फाळक्यांनी हाच विषय पुन्हा चित्रित केला. त्याच वर्षी कलकत्त्याला रुस्तमजी धोतीवाला यांनीही हरिश्चंद्राचीच कथा पडद्यावर आणली. रिमेकची आपली परंपरा अशी पहिल्या चित्रपटानंतर चारच वर्षांनी सुरू झाली आणि तिच्यात खुद्द मूळ कर्त्याचाही हात होता!

आता खरी गोम पुढे आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तिथे 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे आहेत, मिळून १,४७५ फूट. आपण माहितीपटांत, शाळेच्या कार्यक्रमांत 'भारताचा पहिला चित्रपट' म्हणून जी हलती चित्रे पाहतो ती हीच. पण ही रिळे १९१३ ची नसून १९१७ च्या आवृत्तीची असावीत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. ते मत ग्राह्य धरले तर ज्याला आपण मूळ म्हणून नमस्कार करतो तेच पुनर्निर्माण ठरते. मूळ गेले, पण त्याची पुन्हा केलेली प्रत होती म्हणून त्याचा चेहरा तरी उरला.

मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट निघाले आणि त्यांतले आज तीसही धड उरलेले नाहीत. नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, पेट घेते, आणि चांदीसाठी ती वितळवलीही गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीलाच आग लागली. जपून ठेवलेली वस्तू अशी जाते. बोहाड्याची मात्र कुठलीच मूळ प्रत नाही. तो दरवर्षी नव्याने होतो, म्हणून टिकतो.

*

पुन्हा करण्याची कारणे दर वेळी वेगळी असतात, हे पुढच्या इतिहासात नीट दिसते. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतला हा पहिला बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच. पण एकोणीस वर्षांपूर्वी जिथे साळुंके उभे होते तिथे आता दुर्गा खोटे तारामती म्हणून उभ्या होत्या, आणि समोर हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे गात होते. सोंग तेच, पण आवाज नवा आणि बाईच्या भूमिकेत बाई. एवढ्या एका बदलाने समाजाने केवढा पल्ला गाठला ते कळते. गोष्ट तीच असल्यामुळेच हे अंतर मोजता येते.

बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' १९२० मध्ये मूकपट म्हणून केला. प्रभातने तोच विषय १९३३ मध्ये घेतला तो रंगासाठी, आणि त्याच्या प्रती जर्मनीत करवून घेतल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण धडपड खरी होती. पेंटरांनी 'सावकारी पाश' १९२५ मध्ये मूक आणि १९३६ मध्ये बोलका असा दोनदा केला. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा 'सिंहगड' पेंटरांनी १९२३ मध्ये केला, शांतारामांनी १९३३ मध्ये. तानाजीची तीच झुंज 'तान्हाजी'त २०२० मध्ये आणि 'सुभेदार'मध्ये २०२३ मध्ये पुन्हा आली. शंभर वर्षांत चार वेळा तानाजी गड चढला. चारही वेळा पडला, आणि चारही वेळा लोक तिकीट काढून गेले. घोंगडीवाल्या आजोबांना याचे नवल वाटले नसते.

परक्याचे सोंग आपल्या अंगावर बेतून घेण्याचीही आपली रीत जुनी आहे. १९३० च्या 'ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटातला प्राध्यापक शांतारामांच्या 'पिंजरा'त १९७२ मध्ये गावचा मास्तर झाला आणि तमाशाच्या फडात जाऊन पडला. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला. आज मराठी माणसाला तो उसना आहे हे सांगितले तर राग येतो. मला हा राग समजतो. त्या सोंगाचा मान आता आपल्या घराकडे आला आहे.

*

मग एखादा रिमेक पोकळ का वाटतो? माझे मत सांगतो, ते पटावे असा आग्रह नाही.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याची कन्नड आणि पंजाबी रूपे २०१७ मध्ये निघाली आणि २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला. 'धडक' मी शांतपणे, पूर्वग्रह न ठेवता पाहिला. करमाळ्याच्या माळरानाऐवजी उदयपूरचे तलाव आले, याला माझी हरकत नाही. शेवट बदलला, यालाही नाही. पण जातीचा जो भार 'सैराट'च्या प्रत्येक चौकटीवर होता तो हलका करून टाकला गेला, आणि मग ती दोन पोरे का पळतात तेच कळेनासे झाले. गंमत अशी की 'धडक २'मध्ये तोच भार परत आला, तोही 'परियेरुम पेरुमाल' या दुसऱ्याच भाषेतल्या दुसऱ्या गोष्टीतून. नावापुरता पुढचा भाग, पण मला तोच 'सैराट'चा अधिक जवळचा नातेवाईक वाटला.

बोहाड्यातही बदल झाले आहेत. मशालींच्या जोडीला विजेचे दिवे आले, कर्णे आले, मुखवट्यांवर चकचकीत तैलरंग आले. त्याने कुणी उठून जात नाही. पण महिषासुर न पाडताच बोहाडा आटोपला, तर लोक काय म्हणतील? काय बदलले तर चालते आणि काय काढले तर सोंग उरत नाही, हे गावाला नेमके ठाऊक असते. निर्मात्यांना ते दर वेळी ठाऊक असतेच असे नाही.

*

राहिला पूर्वभागाचा प्रश्न. दिग्पाल लांजेकरांचे चित्रपट पाहताना मी वहीत दोन रकाने केले. 'फर्जंद' २०१८ चा, त्यातला पन्हाळा १६७३ चा. 'फत्तेशिकस्त' २०१९ चा, लाल महालाचा छापा १६६३ चा. 'पावनखिंड' २०२२ चा, प्रसंग १६६० चा. 'शेर शिवराज'ही २०२२ चाच, अफजलखानाचा वध १६५९ चा. एका रकान्यात वर्षे पुढे जातात आणि दुसऱ्यात मागे! 'सुभेदार'ने १६७० वर उडी घेईपर्यंत प्रत्येक चित्रपट आधीच्या चित्रपटाचा पूर्वभाग होता, आणि कुणाचाही गोंधळ झाला नाही. प्रेक्षकांच्या मनात सगळा क्रम आधीच लावलेला असला की कुठूनही सुरुवात करता येते.

जव्हारलाही स्वतःचा असा एक पूर्वभाग आहे. पाठ्यपुस्तकात जानेवारी १६६४ ची सुरतेची मोहीम असते. जव्हारात मात्र तिच्या आधीचा प्रसंग सांगतात. सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, कोळी राजा विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच दिला, ती जागा म्हणजे शिरपामाळ. ही आठवण जव्हारकर अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्त आहे. पण या गोष्टीला उत्तरभागही आहे. आठ वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले आणि विक्रमशहाला नाशिककडे निघून जावे लागले. तो उत्तरभाग माळावर कुणी सांगत नाही.

इथे माझ्या मूळ प्रश्नाचा रोख बदलला. तेच ते पुन्हा सांगतात, ही तक्रार आता मला वरवरची वाटते. पुन्हा सांगण्यासाठी कोणता प्रसंग निवडला जातो आणि कोणता गळतो, हे विचारायला हवे. तानाजी चार वेळा पडद्यावर येतो. शिरपेच देणारा आणि नंतर राज्य गमावणारा कोळी राजा मोठ्या पडद्यावरच्या माझ्या यादीत एकदाही नाही. ज्यांच्या खांद्यावर मुखवटा आहे त्यांच्याच गोष्टीला अजून कुणी सोंग दिलेले नाही.

*

बोहाड्यातली अनेक सोंगे घराण्याकडे असतात. बापाचे सोंग मुलाकडे जाते. त्या रात्री एका सोंगाखालून घामाने निथळत बाहेर आलेला तरुण मला चहाच्या टपरीवर भेटला. वसईकडे कारखान्यात कामाला आहे, दोन दिवसांची सुटी काढून आला होता. या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे दिवाळी झाली की भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. बोहाड्याचा हंगाम नेमका त्याच्या मधे पडतो.

'रजा नाही मिळाली तर?' मी विचारले.

'औंदा मिळाली ना, दादा,' तो म्हणाला. 'मागल्या साली नव्हती. मग काकानं घेतलं. पण त्याचा गुडघा दुखतो.'

मग त्याने मोबाइल काढून मला आपल्या सोंगाचे दीड मिनिटाचे चित्रण दाखवले. कुणी मित्राने घेतलेले, हलणारे, अर्धे अंधारात. हरिश्चंद्राच्या त्या दोन रिळांसारखेच तुटके. ते जपून ठेव, दुसरीकडेही उतरवून ठेव, असे मी त्याला दोनदा सांगितले. तो हसला. त्याला त्याची फारशी गरज वाटत नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा करायचेच आहे, असे त्याने धरूनच चालले होते.

पहाटे महिषासुर पडला तेव्हा तो तरुण गर्दीत उभा राहून पाहत होता. लहानपणापासून पाहिलेली लढाई, तरी मान उंच करून. साडेसहाच्या एसटीने त्याला परत जायचे होते.