फौजीला लिहिलेल्या पत्रामागची माणसे



दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देतो. १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे दगडावर कोरली गेली, म्हणून दोनशे वर्षांनंतरही आपण ती वाचू शकतो. 'नाक' जोडलेली ती नावे वाचताना आपली मान ताठ होते, आणि ती झालीच पाहिजे. पण त्यातल्या एकाही शिपायाच्या आईचे किंवा बायकोचे नाव आपल्याला सांगता येईल काय? पलटण निघून गेल्यावर गावात कोण राहिले, कोणी लेकरे जगवली, हे कोणत्याही दगडावर लिहिलेले नाही. आमचे म्हणणे असे आहे की आपल्या सैनिकी इतिहासाचा हा अर्धा भाग अजून लिहायचा राहिला आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांत तो लिहिण्याचे एक साधन अजून सापडू शकते. ते साधन म्हणजे युद्धकाळात घरून फौजीला गेलेले पत्र.

असे पत्र शोधण्यापूर्वी इतिहास नीट समजून घेऊ. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिगर लढाऊ जाती' अशी नवी वर्णव्यवस्था छावणीत उभी राहिली. ज्यांच्या तलवारीवर कंपनी सरकारने राज्य मिळवले, त्यांनाच बाहेर काढले. हा अन्याय आपल्या लोकांनी मुकाट्याने सोसला नाही. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली.

या बंदीने फक्त नोकरी गेली असे नाही. लष्करी शाळांमध्ये शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळत असे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच शिक्षक होते. भरती बंद झाली तेव्हा पगार, पेन्शन आणि अक्षर ही तिन्ही दारे एकाच वेळी बंद झाली.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय पलटणी फ्रान्समध्ये लढत होत्या. त्यांची पत्रे सेन्सॉर वाचत असे आणि त्यातले उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवालाला जोडत असे. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी त्यातली ६०० हून अधिक पत्रे १९९९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. पण १९१४-१५ च्या त्या फ्रान्समध्ये महार पलटण शोधू नका, कारण तेव्हा ती नव्हतीच. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो!

दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४२ मध्ये दुसरी बटालियन उभी राहिली ती कामठीला. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. भंडाऱ्याच्या माणसासाठी कामठी परकी नाही. गोंदियाकडून नागपूरला जाणारी गाडी भंडारा रोड स्टेशन सोडून कामठीवरूनच जाते. पुढे ही बटालियन ब्रह्मदेशाच्या मोहिमेत गेली, नंतर इराकमध्येही होती. धानाच्या बांधीतून निघालेला पोरगा इतक्या दूर जातो, तेव्हा गाव आणि पोरगा यांच्यामध्ये उरते ते फक्त पत्र.

आता समजा, तुमच्या गावातल्या एखाद्या घरी जुन्या लोखंडी पेटीत असे पत्र निघाले. त्याचे काय कराल? फोटो काढून स्टेटसला ठेवाल आणि विसराल? तसे करू नका. ते पत्र चार ठिकाणी वाचायचे असते.

पहिले ठिकाण पत्त्याची बाजू. युद्धकाळात पलटण कुठे आहे हे पत्त्यात लिहायची परवानगी नसे. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक एवढेच लिहीत. त्यावर सेन्सॉरचा शिक्का पडे. कोणत्या तारखेला कोणत्या क्रमांकाचे फील्ड पोस्ट ऑफिस कुठे होते, याच्या याद्या टपाल अभ्यासकांनी तयार केल्या आहेत. शिक्का वाचता आला तर शिपाई कुठे होता ते कळते.

दुसरे ठिकाण मायना. 'जोहार' लिहिले आहे, 'रामराम' लिहिले आहे की 'जयभीम'? हा फरक किरकोळ नाही. 'जयभीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते, ते कामठीचेच. विडी कामगारांना संघटित करणारा, १९३७ मध्ये मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेलेला हा तरुण १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी कामठीच्या छावणीतल्या मुलाला बापाने 'जयभीम' लिहून पाठवला असेल, तर चळवळ त्या घरात पोहोचल्याचा तो लेखी पुरावा आहे. आणि 'जोहार' असेल तर तोही पुरावाच आहे, तो खोडायचा नाही.

तिसरे ठिकाण भाषा. मजकुरात आपल्या झाडीबोलीचा 'पानी' तसाच उतरला आहे, की 'पाणी' असा सुधारून लिहिला आहे? रोवणी झाली, बैल आजारी आहे, मनीऑर्डर पोहोचली, हे घरचे बोलणे जसेच्या तसे आले असेल तर लिहिणारा घरचा, बहुधा शाळेत जाणारे पोर. 'विनंती विशेष' आणि 'लोभ असावा' अशा साच्यात सगळे बसवले असेल तर लिहिणारा मास्तर किंवा दुसरा कोणी शिकलेला माणूस. म्हणजे एका पत्रामागे निदान तीन माणसे उभी असतात: सांगणारी, लिहिणारा आणि ज्याला पाठवले तो. सेन्सॉर चौथा. यातला फौजी तेवढा लष्कराच्या कागदावर सापडतो. बोलून सांगणारी बाई कुठेच सापडत नाही, आणि पत्रातले शब्द तर तिचेच असतात.

चौथे ठिकाण पत्राच्या बाहेर, सरकारी दप्तरात आहे. जातीच्या दाखल्यासाठी आपण कोतवाल बुकाची नक्कल काढतो, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर काढतो. त्याच कागदांत गाव, बापाचे नाव, जात आणि जन्माची तारीख असते. तिथे 'महार' लिहिलेले घर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर 'बौद्ध' झालेले दिसेल, काही ठिकाणी आडनावही बदललेले दिसेल. तेव्हा केवळ आडनावावर विसंबू नका, गाव आणि बापाचे नाव धरून चला. महार रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. नंबर हाती असेल तर वारसांनी तिथे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. शिपाई युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधावे. दुसऱ्या महायुद्धाच्या अनेक नोंदींत आईबापाचे, बायकोचे आणि गावाचेही नाव सापडते.

मात्र या यादीवर आंधळा विश्वास नको. पहिल्या महायुद्धानंतर इराकमधल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या भारतीय शिपायांचे पलटणवार फक्त आकडे कोरले. २०२१ मध्ये या कमिशनने स्वतःच्या अहवालात कबूल केले की आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या किमान १,१६,००० मृतांची नावानिशी किंवा मुळीच नोंद स्मारकांवर केली गेली नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. मेल्यावरही पंगत वेगळी बसवली ती अशी.

काही लोक लगेच म्हणतील, इंग्रजांच्या चाकरांचा इतिहास कशाला उकरता? त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांच्या वर भारतीय सैन्यात होते, सगळ्या जातिधर्मांचे होते. तेव्हा चाकरीचा ठपका एकट्या महारवाड्यावर का? गावाने ज्याला विहिरीवर येऊ दिले नाही, त्याने वर्दी, पगार आणि अक्षर देणारे काम मागितले. ते मागणे हक्काचे होते, आणि ते मिळवण्यासाठी पन्नास वर्षे अर्ज करावे लागले.

दुसरी गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. शौर्याची गाणी गाणे सोपे आहे. पण नुसत्या शौर्याचा इतिहास म्हणजे पुरुषांचा इतिहास. १९४२ मध्ये, कामठीत बटालियन उभी राहत होती त्याच वर्षी, शेजारच्या नागपुरात जुलै महिन्यात अस्पृश्य महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि समोर हजारो बाया होत्या. मुलाला फौजेत पाठवणारी आणि परिषदेला चालत जाणारी बाई एकाच वस्तीतली होती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहिले, म्हणून त्या बाया आपल्याला कळल्या. त्यांनी कोणत्या विद्यापीठाची वाट पाहिली नाही. पंजाबमधल्या तीन लाखांवर सैनिकांची पहिल्या महायुद्धातली रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात धूळ खात पडली होती. तीही पंजाबी लोकांच्याच एका संस्थेने पाठपुरावा केला म्हणून २०२१ मध्ये लोकांपुढे येऊ लागली. ज्याचा इतिहास त्यानेच उचलायचा असतो.

म्हणून साथींनो, हे काम या पावसाळ्यात, वर्षावासातच सुरू करा. १९४२ मध्ये दहा वर्षांचे असलेले पोर आज नव्वदी ओलांडून गेले आहे. घरात आलेले पत्र मोठ्याने वाचून दाखवणारे अनेकदा तेच पोर होते. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि हरले, ती निवडणूकही त्याने डोळ्यांनी पाहिली असेल. विहारात ग्रंथवाचन होते, तिथे एक रविवार जुन्या कागदांसाठी ठेवा. पेटी उघडायला लावा, पण मूळ पत्र घरातून नेऊ नका, फोटो घ्या. पत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. आजीला पहिला प्रश्न 'आजोबा कोणत्या लढाईत होते' हा विचारू नका. 'पत्र कोण सांगायचे, कोण लिहायचे, मनीऑर्डर आली की पैशाचे काय व्हायचे' हे विचारा. आणि वहीत सगळ्यात वर तिचे स्वतःचे पूर्ण नाव लिहा, तिच्या आईच्या आणि सासूच्या नावासकट.

जयभीम! नमो बुद्धाय!