जनी कोणाची?

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथे गेलो की मला जनाबाई आठवते. गंगाखेडच्या या पोरीला वडिलांनी दामाशेटींच्या हवाली केले, अशी परंपरा आहे. ती वाढली त्यांच्या पंढरपूरच्या घरात. पण लेक म्हणून, की मोलकरीण म्हणून? अभंगांत ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. आपण त्यात भक्ती ऐकतो. मला त्यात दळण-कांडण, झाडलोट, गोवऱ्या यांचा रोजचा हिशेबही दिसतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याने परके मूल सांभाळणाऱ्या प्रतिपालक कुटुंबावर त्याचे शिक्षण, आरोग्य, पोषण सोपवले आणि बालकल्याण समितीला दरमहा पाहणी करायला सांगितले. जनीची विचारपूस कोण करणार? जात्याच्या खुंट्याला हात लावायला तिने विठ्ठलालाच बोलावले.