पावस परिसरातील झाडांची दाटी आणि पिकांचा वाटा

रत्नागिरीच्या दक्षिणेस, भाट्याच्या खाडीपलीकडील पावस परिसरात झाड आणि पीक यांचे नाते जमिनीच्या प्रतीनुसार बदलत गेले. भाताला न चालणारी, उताराची हलकी जमीन म्हणजे वरकस. तीत काही वर्षे नाचणी, वरी, हरीक घेऊन ती पडीक टाकण्याची वहिवाट होती, आणि ऐन-किंजळाची झाडे तीत राखली जात, ती सावलीसाठी नव्हे तर कवळासाठी, म्हणजे भाताची रोपे जेथे वाढवायची ती दाढ भाजण्यास लागणाऱ्या कोवळ्या फांद्यांसाठी. ठाणे-कुलाब्यात याच राबाच्या, म्हणजे दाढ भाजण्याच्या, प्रश्नावरून गाजलेल्या तक्रारींमुळे १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. रत्नागिरीत मात्र सरकारी जंगल अत्यल्प आणि झाडे बहुतांशी खासगी मालकीची असल्याने, किती राखायची व किती तोडायची हे मुख्यतः खातेदारच ठरवी. दरसाल फांद्या उतरल्याने सावली आपोआप विरळ होई, त्यामुळे झाडांच्या निव्वळ संख्येवरून नाचणीच्या नुकसानीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

हापूसच्या कलमांनी हा हिशेब मोडला. दहा-दहा मीटरवर, हेक्टरी १०० कलमे लावली, तर पहिली काही वर्षे मधल्या जागेत नाचणी किंवा कुळीथ निघतो. पुढे डेरे एकमेकांना भिडू लागले की आंतरपीक संपते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने लागवड वाढवली आणि पुष्कळ वरकस कायमचे बागेखाली गेले. आता पाच-पाच मीटरवर, हेक्टरी ४०० झाडांची घन लागवड सांगितली जाते, ती नियमित छाटणीच्या अटीवर; ही अट कवळ तोडणाऱ्यांच्या वंशजांना नवी वाटू नये.

आगरातील, म्हणजे माडांच्या बागेतील, गोष्ट निराळी आहे. साडेसात मीटर अंतरावरील नारळाची बहुतेक मुळे बुंध्यापासून दोन मीटरांच्या आत राहतात, म्हणजे जमिनीचा सुमारे पाऊण भाग मोकळा उरतो, आणि प्रकाशाचे म्हणावे तर तो माडाच्या वयावर अवलंबून असतो: साधारण आठव्या वर्षापर्यंत भरपूर, त्यानंतर पंचविशीपर्यंत तुटपुंजा, पुढे झावळ्यांचा डेरा उंचावल्यावर पुन्हा वाढता. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने पुरस्कारलेली ‘लाखी बाग’, म्हणजे माडांमध्ये जायफळ, दालचिनी, काळी मिरी यांची लागवड, याच मोकळ्या जागेवर आणि झिरपत्या उन्हावर उभी आहे.