तीन वाजेपर्यंत

सकाळी ८:५५ – सहा तास बाकी

कुडाळजवळच्या घरी पाच दिवसांचा गणपती. पुण्याच्या एका कंपनीतली इंजिनिअर चतुर्थीला गावी आली ती ऑफिसचा लॅपटॉप घेऊनच. पंपांच्या एका निविदेची मुदत दुपारी ३ला संपत होती. कागदपत्रं लॅपटॉपवर, डिजिटल सहीचं टोकन पर्समध्ये. पासवर्ड टाकला आणि पडद्यावर ‘वेलकम’खाली ठिपके गोल फिरू लागले.

सकाळी ९:०४

डेस्कटॉप उघडला. नऊ मिनिटं गेली, पण उघडला. फाइली जागेवर होत्या, व्हीपीएन जोडलं जात होतं. फक्त दरपत्रकावर साहेबांची मान्यता यायची होती. ती येईपर्यंत काय करायचं, म्हणून तिने हेल्पडेस्कला तक्रार टाकली: लॉगिन फार स्लो होतंय.

ती नऊ मिनिटं कुठे गेली हे नंतर लॅपटॉपच्याच नोंदींतून कळलं, आणि त्यात गूढ असं काही नव्हतं. ऑफिसबाहेर असताना विंडोज सर्व्हरला न विचारताही आत घेतं, कारण आधी लॉगिन केलेल्यांची खूण ते मशीनवर जपून ठेवतं. मुळातल्या सेटिंगप्रमाणे शेवटच्या दहा जणांची. तो भाग काही सेकंदांत उरकला होता. मग सुरू झाली कंपनीची लॉगिन स्क्रिप्ट, जी ऑफिसच्या सर्व्हरवरचे सात ड्राइव्ह एकेक करून जोडते आणि संपल्याशिवाय डेस्कटॉप उघडू देत नाही.

गोम पुढे आहे. कंपनीने आतल्या डोमेनला आपल्या वेबसाइटचंच नाव दिलेलं. ऑफिसात त्या नावाचा पत्ता फाइल सर्व्हरचा निघतो. घरच्या वायफायवर तोच पत्ता वेबसाइट ठेवलेल्या मशीनचा निघतो. लॅपटॉप तिथे ४४५ क्रमांकाचं दार ठोठावतो. पलीकडून ‘नाही’ असं उत्तर आलं असतं तर प्रकरण क्षणात मिटलं असतं, पण तिथली फायरवॉल गप्प बसते. विंडोज साधारण २१ सेकंद वाट पाहतं, मग १३९चं दार, मग वेबडॅव्हचा मार्ग. असं सात वेळा. लॅपटॉप मंद नव्हता, तो वाट बघत होता. लॉगिनच्या पडद्यावर वायफाय बंद केलं असतं तर रस्ताच नाही म्हणून प्रत्येक प्रयत्न तिथल्या तिथे फसला असता आणि काही सेकंदांत ती आत असती.

सकाळी १०:१५

‘मॅडम, तुमच्याकडे नेट स्लो असेल. मोबाइलचं हॉटस्पॉट घेऊन रिस्टार्ट करा.’ केलं. पुन्हा नऊ मिनिटं. नेटच्या वेगाचा संबंध नव्हताच, पण वेळ तेवढाच लागला याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. माझ्या मते दिवसातला सगळ्यात बोलका पुरावा हाच होता.

सकाळी ११:२० – तीन तास चाळीस मिनिटं बाकी

हेल्पडेस्कने पासवर्ड रीसेट केला. का, ते तक्रारीच्या नोंदीत लिहिलेलं नाही. आता सर्व्हरला नवा पासवर्ड माहीत आणि लॅपटॉपला जुना. व्हीपीएन एक मागतं, लॉगिनचा पडदा दुसरा. व्हीपीएन जोडून स्क्रीन लॉक करायची आणि नव्या पासवर्डने उघडायची, की दोन्ही जुळतात. तिला ते कुणी सांगितलं नाही. तिने दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून घेतले.

दुपारी १२:३०

साहेबांची मान्यता आली. आतून काकू हाक मारत होती, ‘गो, आरतीक ये.’ तिने फोनवर सांगितलं, स्लो तर स्लो, राहू दे, मला आता बिड भरू दे. पलीकडचा मुलगा चिकाटीचा होता. ‘मॅडम, डोमेनमधून काढून परत घालतो. पाच मिनिटांचं काम. तुम्ही आरती करून या.’

दुपारी १२:४७ – सव्वादोन तास बाकी

ऑफिसात हा उपाय चालतो, कारण सर्व्हर केबलच्या दुसऱ्या टोकाला असतो. इथे तो व्हीपीएनच्या आधाराने होता आणि व्हीपीएन तिच्या लॉगिननंतरच सुरू व्हायचं. दूरस्थ जोडणीवरून मुलाने लॅपटॉप डोमेनबाहेर काढला. स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माहीत असल्याची खात्री करा, असा इशारा विंडोजने दिला. त्याने ओके दाबलं. रिस्टार्ट.

दुपारी १:०५

पडद्यावर तिचं नाव नाही. डोमेन गेलं तशी जपून ठेवलेली खूणही निरुपयोगी. विंडोजचं अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर खातं मुळातच बंद असतं, आणि कंपनीने दुसरं स्थानिक खातं केलेलंच नव्हतं. लॅपटॉप चालू, नेट चालू, आत जायला कोणी नाही.

दुपारी १:४०

वरिष्ठ मंडळी फोनवर आली. डिस्क काढून फाइली घ्याव्यात तर ती बिटलॉकरने कुलूपबंद. रिकव्हरी की ४८ अंकी. सर्व्हरवर सापडली, पण ज्याला बघायची परवानगी तो जेवायला गेलेला.

दुपारी २:१८ – ४२ मिनिटं बाकी

सहा-सहा अंकांचे आठ गट फोनवरून वाचले गेले. घरात एकाच जागी रेंज मिळते, पडवीच्या टोकाला. लॅपटॉप चार्जरसकट माजघरात. चुलतभाऊ मधे उभा राहून आकडे पुढे पोचवत होता.

दुपारी २:४१

रिकव्हरीच्या काळ्या खिडकीतून फाइली पेन ड्राइव्हवर आल्या. चुलतभावाच्या संगणकात टोकन घातलं, तर ड्रायव्हर नाही. तो डाउनलोड होऊन बसेपर्यंत २:५३. मग ब्राउझरला सहीचं सॉफ्टवेअर हवं होतं.

दुपारी २:५८

तांत्रिक लिफाफा सहीसकट चढला. दरपत्रकाची पीडीएफ निम्म्यावर.

दुपारी ३:००

पोर्टल स्वतःच्या सर्व्हरच्या घड्याळावर चालतं. बोली बंद.

पुढच्या आठवड्यात स्क्रिप्टमध्ये एक अट घातली गेली: ड्राइव्ह जोडण्याआधी ऑफिसचा सर्व्हर उत्तर देतो का ते पाहा, देत नसेल तर सरळ पुढे जा. बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आतल्या डोमेनचं नाव मात्र अजून वेबसाइटचंच आहे. ते बदलायचं म्हणजे अख्ख्या कंपनीची यंत्रणा उलगडावी लागेल, आणि तेवढी सवड मार्चअखेरपर्यंत कुणालाच नाही.