उमेदवार ठरतो ती खोली

मतपेटी शेवटी येते दोस्तांनो, उमेदवार आधीच ठरतो. अमेरिकेतल्या मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्षाची वस्तीबैठक काउंटीला माणसं निवडून पाठवी. काउंटी राज्याला, राज्य देशाच्या अधिवेशनाला. जून १९६४ मध्ये काळी माणसं या बैठकांना गेली. कुठं दार बंद, कुठं बैठकच गायब. मग त्यांनी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीच्या स्वतःच्या बैठका भरवल्या, ६८ जण अटलांटिक सिटीला धाडले. शेतमजूर फॅनी लू हेमरनं जेलात खाल्लेला मार देशाला ऐकवला. पक्षानं दोन जागा पुढं फेकल्या, यांनी लाथाडल्या. १९६८ला शिकागोत हेमर प्रतिनिधी म्हणून बसली.

आपल्या १९३२च्या पुणे करारातही प्राथमिक निवडणूक होती. चार नावं आपण निवडायची, त्यातलं एक सवर्णांसकट सगळ्यांच्या संयुक्त मतांनी ठरायचं. म्हणून मी म्हणतो, त्या खोलीची किल्ली कुणाकडं, ते आधी बघा.