सिटी चर्च : एका नावाचा माग

पुण्यात क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पेशव्यांनी चर्चला जागा दिली, केवढे हे औदार्य!’ जागा दिली हे खरेच. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, पेशव्यांच्या लष्करातील दों मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून ती मिळाली. त्याच वर्षीच्या नाताळात तिथे एका साध्या मातीच्या वास्तूत पहिला मिस्साबली झाला. ‘औदार्य’ या शब्दापाशी मात्र मी अडतो.

ईशज्ञानाचा अभ्यास मी पंचेचाळिशीनंतर, निव्वळ स्वतःच्या समाधानासाठी सुरू केला. ‘बाटणार की काय?’ असे विचारणारे भेटले. त्यांचे सोडून देऊ. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ईशज्ञान कशाला हवे, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे एक उत्तर ‘पॅरिश’ या शब्दात आहे. वसईकडे त्याला धर्मग्राम म्हणतात. यावे, दर्शन घ्यावे, निघावे, एवढ्याने धर्मग्राम होत नाही. तिथल्या माणसांसाठी नेमलेला धर्मगुरू लागतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवून टाकले, की विवाह धर्मगुरू आणि साक्षीदारांसमक्षच व्हावा व त्याची वहीत नोंद व्हावी. आता पेशव्यांच्या छावणीतला गोव्याकडचा कॅथलिक शिपाई डोळ्यांपुढे आणा. धर्मगुरू नाही म्हणजे रीतसर लग्न नाही, मरताना पापनिवेदन नाही. असा माणूस परमुलखात किती दिवस चाकरी करील? १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी त्यांच्याच वारसाने पोर्तुगीज परंपरेतल्या चर्चला पुण्यात जागा द्यावी, यामागे मला औदार्यापेक्षा लष्कराची निकड जास्त दिसते. औदार्य नव्हतेच असे मी म्हणत नाही. अठरा वर्षांच्या पेशव्याच्या मनात काय होते, हे कोण सांगणार? पण कारभार नाना फडणविसांचा होता, आणि नाना हिशेबाचे पक्के.

दुसरे उत्तर चर्चच्या नावात. हे चर्च ‘निष्कलंक गर्भसंभव’ मरियेचे. आपल्याकडे याचा अर्थ येशूचा कुमारी मातेपोटी झालेला जन्म असा सर्रास घेतला जातो. तो चूक आहे. मरिया स्वतः आपल्या आईच्या उदरात आली तीच मूळ पापाच्या डागाविना, असा हा सिद्धांत. मूळ पाप ही कल्पना आपल्या कर्मविचारात बसत नाही; तिथे ज्याचे कर्म त्याला, इथे पहिल्या पूर्वजाचे पाप साऱ्या वंशाला. या सिद्धांतावर शतकानुशतके वाद झाला. थॉमस अक्वायनसला तो मान्य नव्हता, डन्स स्कोटसने तो उचलून धरला. पोप नववा पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी त्याला अधिकृत धर्मतत्त्व ठरवले.

मग १८५४ च्या आधी पायाभरणी झालेल्या चर्चला हे नाव शोभते कसे? इथे रोमकडे नव्हे, लिस्बनकडे पाहावे लागते. १६४६ साली पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव याने याच मरियेला राज्याची संरक्षक म्हणून जाहीर केले आणि आपला मुकुट तिला वाहिला. त्यानंतरच्या पोर्तुगीज राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. पणजीच्या टेकडीवरचे, पायऱ्यापायऱ्यांचे प्रसिद्ध चर्चही हिचेच. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाला पोपकडून विशेष हक्क मिळालेले होते. त्याला ‘पाद्रुआदो’ म्हणत. म्हणजे पुण्यात आलेली ही मरिया गोव्यामार्गे, पोर्तुगीज राजघराण्याच्या भक्तीची खूण घेऊन आली.

पेशवाई बुडाली, इंग्रज आले, आणि पाद्रुआदोचे धर्मगुरू व रोमने थेट पाठवलेले धर्मगुरू यांच्यात कोणाची हुकमत कुठे यावरून दीर्घकाळ तंटे चालले. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. चर्चची आजची इमारत मात्र त्याआधीची, १८५२ सालची. रोमची घोषणा व्हायला तेव्हा अजून दोन वर्षे होती.