पुसायची जमीन, धुवायची जमीन

स्वयंपाकघराची जमीन बदलायची म्हणून महिनाभर लॅमिनेटच्या मागे आहे. इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या दुकानांतून आणलेले नमुने ओट्यावर पसरलेत. निवड राहिली बाजूला, मी त्याचा इतिहासच शोधत बसलो. (ताई, हसू नकोस.)

गोष्ट सुरू होते ती विजेपासून. १९१२ साली अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीतले डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर विजेच्या यंत्रांत अभ्रकाच्या जागी काय वापरता येईल ते शोधत होते. बेकेलाइटच्या राळेत भिजवलेलं कापड दाबून त्यांनी टणक पत्रा केला. अभ्रकाऐवजी, ‘फॉर मायका’, म्हणून फॉर्मायका! आपण सरसकट सनमायका म्हणतो तो याच कुळातला.

पुढचा अंक स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प गावात. तिथे १८८१ मध्ये विल्हेल्म वेंट यांनी बीचच्या लाकडापासून व्हिनेगरचं आम्ल काढायचा कारखाना घातला होता. त्याच कंपनीने पुढे टेबलांवर बसवायचे लॅमिनेटचे तक्ते केले आणि १९७७ मध्ये तीच युक्ती जमिनीसाठी वापरायचं ठरवलं. १९८४ पासून ‘पर्गो’ युरोपात विकायला आलं, १९९४ मध्ये अमेरिकेत. खाली लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, तिच्यावर लाकडाचा छापील कागद, वर मेलामाइनचा पारदर्शक थर. म्हणजे आपण चालतो ते लाकडाच्या फोटोवर! आधी फळ्या गोंदाने चिकटवाव्या लागत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात खटकन एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या आल्या आणि शनिवार-रविवारात घरच्या घरी काम होऊ लागलं. मला मोह पडला तो याचाच.

बसवण्याआधी खोकी ४८ तास त्याच खोलीत ठेवायची, भिंतीलगत ८-१० मिलिमीटर फट सोडायची. कारण हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा फळी फुगते. माझं घोडं इथेच अडलं.

दिवाळीनंतर आई सहा महिने येतेय. तिचा जन्म शहाबादी फरशीवर गेला. गुलबर्ग्याजवळच्या शहाबादचा तो चुनखडीचा दगड लिंबाच्या रसाने डागाळतो, पण पाण्याला भीत नाही. बादली ओतायची, खराट्याने पाणी मोरीकडे लोटायचं. मागच्या खेपेला इथे मोरी नसतानाही तिने तांब्याने पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर बसून फडक्याने टिपून घेतलं. लॅमिनेट ही जमीन पुसणाऱ्यांच्या देशातली वस्तू. आता पाणी सोसणारी जातही मिळते, पण तिचा भरवसा सांडलेल्या पाण्यापुरता, तोही काही तासांचा. रोजच्या तांब्याचा नव्हे. आणि बहात्तराव्या वर्षी आईला रोज सकाळी “अगं, ओतू नकोस” म्हणत तिच्या मागे फिरायचं? छे.

स्वयंपाकघरात टाइल्स घालतोय. हे काम मला जमणारं नाही, कारागीर गुरुवारी येईल. हौसेने आणलेली लॅमिनेटची खोकी जेवणाच्या खोलीत पडलीत. त्यांचे ४८ तास कालच भरले.